मूठ गार होईपर्यंत

सुरी खाली ठेवू नको, एवढं बोलून आय आत गेली. बोलली म्हणजे तरी काय, तोंड उघडत नाय तिचं, दातांच्या फटीतून शब्द सरकतात, दुसऱ्याला वाटतं बाई कण्हतेय, पण मला कळतं. दादा तिचा दंड धरून आत गेला, काचेचं दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं, आणि मी बाहेर राहिले, हॉस्पिटलच्या गेटाजवळच्या बाकड्यावर, मांडीवर माझी रिया आणि उजव्या हातात आयची सुरी.

पातं जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलंय, वरून रबर लावलेत. मूठ तेवढी उघडी. मुठीच्या तोंडाशी गम वर आलाय, पिवळट, मधासारखा, आणि तो अजून ओला आहे का सुकलाय ते बघायची मला भीती वाटते. बोट लावलं आणि हलली तर. म्हणून नुसती धरून बसलेय, मूठ खाली, पातं वर, सरळ, जशी आयने सकाळपासून धरली होती तशी.

गेटावरच्या वॉचमन काकांनी आधी हसून घेतलं. "काय मावशी, घरची सुरी घेऊन आलात ऑपरेशनला? डॉक्टरांकडे आहेत की." मग माझं तोंड बघून गप झाले. "आत नाय नेता येणार ताई. आणि एवढं लहान मूल पण आत नको. इथं सावलीत बसा." म्हणून मी इथं. मला आत जायचं होतं, आणि आत जावं लागलं नाय म्हणून बरं पण वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मग रडायला आलं. असं सगळं एकदम होतं मला हल्ली.

आज आयला झोपवून तिचं तोंड उघडणार आहेत. गालाच्या आत पांढरं जे झालंय त्याचा तुकडा काढणार आणि तपासायला पाठवणार, मग काय ते सांगणार. काय ते म्हणजे काय, ते आमच्यात कोण बोलत नाय. दादा बोलत नाय, नवरा बोलत नाय, मी तर मनात पण पूर्ण बोलत नाय, अर्ध्यावर येऊन थांबते आणि रियाचं टोपरं सारखं करत बसते.

सुरी अशी धरून बसायची सवय मला लहानपणापासूनची. आमचं घर पाचूबंदरला, कोळ्यांच्या आळीत, दारातून दर्या दिसायचा नाय पण ऐकू यायचा. मासेमारी बंद व्हायचे दिवस आले की होड्या वाळूवर ओढायचे, आडव्या करायचे, आणि मग आळीभर राळेचा वास. राळ म्हणजे झाडाचा सुकलेला चीक, खडीसाखरेसारखे पिवळे खडे, उन्हात धरले तर आरपार दिसायचं. तीन दगडांची चूल मांडून बा त्याच्यावर काळं घमेलं ठेवायचा, त्यात राळ आणि तेल, आणि ते रटरटायला लागलं की धूर असा जाड यायचा की कुत्री पण लांब जाऊन बसायची. होडीच्या फळ्यांच्या फटींत बा कापूस ठोकून बसवायचा आणि वरून ती गरम राळ ओतायचा. मी नाकाला फ्रॉक लावून बघायची. पण लपून वास घ्यायची. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मोठ्या मिस्सेला फादर धूप फिरवायचे त्याचा आणि ह्याचा वास एकच. मला कितीतरी दिवस वाटायचं की फादर पण आदल्या दिवशी होडी दुरुस्त करून येतात.

होड्या झाल्या की उरलेली राळ आयची.

होड्या बाप्यांच्या आणि सुऱ्या बायकांच्या, असं होतं आमच्याकडे. वर्षभर मासळी कापून मुठी ढिल्या व्हायच्या, खाऱ्या पाण्याने लाकूड फुगायचं, सुकायचं, परत फुगायचं, मग एक दिवस पातं आत खुळखुळ करायला लागायचं. खुळखुळणारी सुरी घेऊन कोळीण बाजारात बसत नाय. हात गेला तर घर गेलं. म्हणून बंदीच्या दिवसांत सगळ्या बाया आपापल्या सुऱ्या पदराखाली घेऊन आमच्या पडवीत यायच्या, आणि आय मुठी लावायची. तिला कोणी शिकवलं माहीत नाय. मी विचारलं नाय आणि आता विचारून ती एवढं सगळं सांगणार कशी.

करवंटीत राळ, त्यात विटेची भुकटी, जात्यातून काढल्यासारखी बारीक, आणि त्यात मेण. मेणाचं आमचं वेगळंच. नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात, सगळं कबरस्थान थरथरत असतं त्या उजेडानं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कबरींवर मेणाची थारोळी सुकलेली असतात. आय मला आणि दादाला डबा देऊन पाठवायची. खरवडून आणा. पण आपल्याच माणसांच्या कबरीवरचं. आजोबाच्या, मोठ्या काकाच्या, आणि माझ्याआधी एक भाऊ झाला होता तो, त्याच्या छोट्या कबरीवरचं.

"दुसऱ्याचं मेन घेव नको, बाय," आय सांगायची. "दुसऱ्याचं मेन घातलं का मूठ दुसऱ्याची होते. आपल्या हातात ऱ्हात नाय."

दादा आळशी. त्याने एकदा जवळ पडली म्हणून परक्याच कबरीवरची अख्खी मेणबत्ती उचलून आणली होती. आयने डबा उघडला, नुसता वास घेतला आणि म्हणाली, जा ठेवून ये. दादा अजून म्हणतो तिला वासाने कळलं. मी म्हणते त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

मग चूल. करवंटी पाण्याच्या टोपात ठेवून नाय, सरळ निखाऱ्यावर, लांब पकडीने धरून. सगळं वितळून एक झालं की आय काडीने एक थेंब काढून थंड पाण्यात टाकायची. तो थेंब मण्यासारखा व्हायचा, तपकिरी, चकचकीत. तो मणी ती दाढेत धरायची आणि चावायची. आम्ही सगळे गप. तेव्हा बायका पण बोलायच्या थांबायच्या. दाताला चिकटला म्हणजे मेण जास्त. भुगा झाला म्हणजे राळ जास्त. आणि बरोबर असला की कट असा आवाज यायचा, बारीक, सुपारी फुटल्यासारखा, पडवीच्या टोकाला बसलेल्या बाईला पण ऐकू जायचा. मग आय मणी थुंकायची आणि म्हणायची, आना आता एकेक.

पात्याच्या मागचं शेपूट निखाऱ्यात लाल करायचं. चिंचेच्या लाकडाच्या मुठीला भोक असतं, त्यात ती राळ भरायची, आणि तापलेलं शेपूट आत दाबायचं. चर्रर्र. धूर मुठीच्या तोंडातून वर, आणि जरा राळ बाहेर उतू यायची ती आय ओल्या बोटाने पुसायची, चटका तिला लागायचाच नाय. मग ती सुरी माझ्या हातात. आता धर. सरळ धर. गार होईपर्यंत सोडू नको. सोडली का मान वाकते, आणि एकदा मान वाकली का ती सुरी जन्मभर वाकडी कापते.

मी धरून बसायची. लाकडातून ऊब हळूहळू हाताला यायची, आधी काहीच नाय, मग कोमट, मग चांगली गरम, मला वाटायचं आता हात भाजणार, आणि तेवढ्यात ती परत जायला लागायची, आली तशीच हळू. पाय भरून यायचे, नाकावर माशी बसायची, पण हलायचं नाय. मला वाटायचं आळीतल्या सगळ्या सुऱ्या माझ्यामुळे सरळ आहेत. शेवटी आय यायची, वाकून मूठ आपल्या गालाला लावायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "गार. सोड."

शेजारची तेरेजमावशी दरवर्षी भांडायला यायची. भांडण म्हणजे तिचं येण्याचं निमित्त.

"काय गो, गेल्या साली मूठ लावलीस ती माज्या घोवासारकी डुगडुगते."

"घोव तू निवडलास, मूठ मी निवडली," आय करवंटीतून डोकं वर न काढता बोलायची. "मूठ डुगडुगत नाय. तुजा हात डुगडुगते. सकाळचा चा कमी पी."

"चा पिते म्हनून हात हलते, आनि तू मशेरी लावते ते? तुजं काय हलते?"

"माजं काय हलत नाय. मी घट हाय."

सगळ्या हसायच्या. आय पण हसायची, तोंड उघडं टाकून, दात काळे, जीभ दिसायची, घशातलं दिसायचं. एवढं मोठं तोंड उघडायचं तिचं. मला आता तेच आठवतं सारखं, तिचं ते हसताना उघडलेलं तोंड.

मशेरी तर सगळ्याच लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजायची, काळी करायची, चुरून डबीत. सकाळी उठलं की आळीतल्या सगळ्या बायका पायरीवर बसून बोटाने दात घासतायत, कोणी बोलत नाय, सगळ्यांच्या तोंडात बोट. तो भाजल्या तंबाखूचा वास आणि राळेचा वास आणि सुकवायला टाकलेल्या बोंबलांचा वास, हा माझ्या आयचा वास. लग्न करून मी गोखिवऱ्याला गेले तर तिथं खिडकीसमोर गाळेच गाळे, प्लास्टिक तापवल्याचा वास, पत्रा कापल्याचा आवाज. पहिले दिवस मी पिशवीतला घरचा टॉवेल नाकाशी धरून झोपायची. नवरा म्हणायचा, काय आहे त्यात. काय सांगू त्याला.

मग होड्या फायबरच्या झाल्या. फायबरला राळ लागत नाय. कधी झाल्या ते कळलं पण नाय, एका वर्षी वाळूवर घमेलं दिसलं, पुढच्या वर्षी नाय, आणि बा पण नव्हता तेव्हा. बाजारात लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या आल्या, ढिल्या झाल्या की टाकून द्यायच्या. तेरेजमावशीने पण तीच घेतली, आणि ती दाखवायला आमच्या पडवीत आली होती, भांडायला काय नव्हतं तर जरा बसून निघून गेली. आयकडे राळेचा शेवटचा डबा होता. त्यातून ती आपलीच एक सुरी सांभाळत राहिली.

तोंड कधी मिटायला लागलं ते पण तसंच. आधी मिरची झोंबायची. मग ती पाव चहात बुडवून खायला लागली, आम्ही म्हटलं आवडत असेल. मग घास बारीक. मग मी रियाच्या वेळेला बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा बघितलं, तर ती भात बोटाने दातांच्या मधून आत सारत होती. माझ्याकडे पाठ करून. मी पाळण्याकडे बघितलं. रिया जांभई देत होती, तिचं ते इवलं तोंड, एकही दात नसलेलं, केवढं उघडत होतं.

डॉक्टरांनी आईस्क्रीमच्या काड्यांचा जुडगा दिला. लाकडी, चपट्या. रोज एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये घालायच्या, आणि रोज एखादी वाढवायची, म्हणजे तोंड उघडायला लागेल. आय पायरीवर बसून करायची. काड्या वाढल्याच नाय. आधी जेवढ्या जायच्या त्यातली एक कमीच झाली. बाकीच्या काड्या रबर लावून खिडकीत, कोऱ्या, पांढऱ्या.

आणि मग सुरीची मूठ निघाली. बाजारात, गिऱ्हाईकासमोर. घोळ कापत होती, पातं माशातच राहिलं आणि मूठ हातात आली. सोबतच्या बाईने सांगितलं, तुझी आय कितीतरी वेळ नुसती मुठीकडे बघत बसली होती. घरी आली आणि डॉक्टरांची तारीख कधी आहे ते सोडून पहिलं हेच बोलली, ह्याच्याआधी मूठ लागली पायजे.

"आय, नवीन घेऊ," दादा म्हणाला.

"नवीन कोनाला पायजे. मी परत बसनार हाय ना बाजारात? मंग माजी सुरी नको?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी रियाचं टोपरं सारखं केलं.

दादाने एका थेंबात चिकटणारा तो छोट्या ट्यूबचा गम आणला. बघ आय, एक मिनिट. खरंच एका मिनिटात चिकटली, आणि दादाची दोन बोटं पण एकमेकांना चिकटली, तो स्वयंपाकघरात नाचत होता आणि आय नाकातून हसत होती, खांदे हलत होते तिचे. ती मूठ कोरडी होती तोपर्यंत छान राहिली. पहिला मासा कापला, पाण्याखाली धरली, आणि टक करून सुटली. काचेसारखा तुटला तो गम. आयने नुसती मान हलवली. खाऱ्या पाण्याची सुरी, तिला गोड्या बोलण्याने कशी धरणार, असं काहीतरी ती पुटपुटली.

आयची राळ संपली होती, म्हणून मग मी पूजेच्या सामानाच्या दुकानातून राळ आणली. धुपात घालतात ती, भुकटीच मिळाली, खडे कोण ठेवत नाय म्हणाला. आयच्या मेणाच्या डब्यात तळाला कबरीवरचं मेण होतं थोडं. गॅसवर करवंटी धरली, विटेची भुकटी घातली, रिया पलीकडे रडत होती, धूर झाला, आणि तो वास आला. सगळा आला. मला वाटलं आता बा दारातून आत येईल हात पुसत. आय भिंतीला टेकून उभी होती, तिने डोळे मिटले होते.

काडीने थेंब पाण्यात टाकला. मणी झाला. आयने उचलला आणि तोंडाजवळ नेला.

तो आत जाईना. एवढासा मणी. तिने ओठ ओढले, बोटाने दाबला, गालाच्या बाजूने सारून बघितला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तिच्या, जोर लावल्याने की कशाने. दाढेपर्यंत पोचलाच नाय. मग तिने तो पुसला आणि माझ्यापुढे धरला.

मी दाढेत घेतला. कडू, धुरकट. चावला. आयने आपला कान माझ्या गालाला लावला.

"आला आवाज?"

"नाय. चिकटला."

राळ घातली. परत मणी. परत तिचा कान माझ्या गालाला, तिचे केस माझ्या तोंडात.

"आला?"

"आला बहुतेक."

"बहुतेक म्हंजी नाय," आय म्हणाली.

तरी लावली मूठ. मी धरून बसले, ऊब आली, गेली, सगळं तसंच झालं. पण दुसऱ्या दिवशी आयने मूठ पिळली तर पातं जागच्या जागी फिरलं, चावी फिरावी तसं. ती मला काय बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं. माझ्या दातांना माहीत नाय तो आवाज, मी काय करू. तो बाहेरून ऐकलेला आवाज आहे, आतून कसा असतो ते तिलाच ठाऊक.

शेवटी माझ्या नवऱ्याने त्याच्या गाळ्यातून दोन ट्यूबचा गम आणला. तिथं ते दुकानांची काउंटरं बनवतात, लाकडाला स्टील, स्टीलला दगड, सगळं त्याच गमाने. त्याने मला दोनदा समजावलं, मी घाबरलेली असले की माझ्या डोक्यात काय शिरत नाय हे त्याला माहीत आहे. भोक आतून साफ कर, माशाचं तेल राहिलं तर धरणार नाय. पात्याचं शेपूट पॉलिश पेपरने घास, खरखरीत झालं पाहिजे, गुळगुळीत लोखंडाला कायपण चिकटत नाय. दोन्ही ट्यूबमधून सारखं सारखं काढ, चांगलं घोट, भर, दाब, आणि सरळ टेकवून ठेवून दे. उद्यापर्यंत हात लावू नको.

आज सकाळी बसलो दोघी. आयला पाणी पण प्यायचं नव्हतं, चहा नाय, मशेरी नाय, रिकामं तोंड घेऊन ती पायरीवर बसली होती. मी खिळ्याने भोक कोरत होते. आतली जुनी राळ काळी, कडक, तुकडे होऊन पडायला लागली, माझी नाय, तिची, कितीतरी वर्षांची. आजोबाच्या, काकाच्या, त्या भावाच्या मेणाची. आयने पदर पुढे केला आणि ते सगळे तुकडे त्यात घेतले. कुठे टाकले की ठेवले मी बघितलं नाय.

शेपूट घासलं. ट्यूबा पिळल्या, एक पाण्यासारखी, एक दह्यासारखी. घोटायला काहीतरी पाहिजे होतं तर आयने खिडकीतला जुडगा ओढला आणि त्यातली एक काडी काढून दिली. कोरी. वापरून टाक असं हाताने केलं.

गम भरला, पातं दाबलं. चर्र नाय, धूर नाय, वास पण कसलातरी, दवाखान्यासारखा. मी म्हटलं, झालं, आता भिंतीला टेकवून ठेवू. तर आयने ती माझ्या हातातून घेतली आणि धरून बसली. सरळ.

"आय, हे आपोआप सुकतं. धरायला लागत नाय."

"मान वाकेल."

"नाय वाकत. जावई म्हणाले ना, ठेवून द्या."

ती मुठीभोवती बोटं आवळून बसली होती, वाट बघत. हाताला ऊब यायची वाट बघत होती ती. मला कळलं ते. बराच वेळ झाला. मग तिने मूठ गालाला लावली, पांढरं झालंय त्या बाजूला नाय, दुसऱ्या. परत खाली घेतली. परत लावली. आणि माझ्याकडे असं बघितलं, रिया बघते ना अनोळखी घरात नेलं की, तसं.

"ही गरमच होत नाय," ती म्हणाली. "मंग गार झाली कसं समजनार?"

नवऱ्याने ते सांगितलं नव्हतं.

म्हणून तिने सोडलीच नाय. रिक्षा आली तरी नाय. पातं मी चिंधीत बांधलं ते पण तिच्या हातात असतानाच. दादा म्हणाला, आय, दे ना, मी घरात ठेवतो. तिने मान पण वळवली नाय. रिक्षात माझ्या बाजूला बसली, सुरी छातीपुढे उभी धरून, मिरवणुकीत मेणबत्ती धरतात तशी. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. "मावशी, झाकलीय ना नीट?" आयने मान हलवली. खड्डा आला की ती दुसरा हात पण लावायची.

आणि गेटावर वॉचमन काका. आत नाय नेता येणार.

तेव्हा तिने माझा हात घेतला, आपल्या हातावर ठेवला, मग आपली बोटं एकेक करून खालून काढून घेतली. सुरी जरा पण हलली नाय. आम्ही लहानपणी पण अशीच बदली करायचो, दादा आणि मी, एकाचा हात भरून आला की. तिची बोटं निघाली तेव्हा गार होती, बर्फ, ह्या एवढ्या उकाड्यात. तोपर्यंत मला वाटत होतं तिला भीती वाटत नाय.

मगाशी दादा बाहेर आला होता. डोळे लाल. "आत घेतलं. वेळ लागेल म्हणाले." माझ्या हाताकडे बघितलं. "तू अजून ती धरून बसलीस?"

"आय म्हणाली."

"अगं ते आपोआप सुकतं."

"माहीताय मला."

तो जरा उभा राहिला, मग म्हणाला चहा आणू का, मी नको म्हटलं, तो तरी आणायला गेला आणि चहा न आणताच परत आला, माझ्यासमोरून आत गेला.

मग रिया उठली. भूक लागली की ती आधी मुठी चोखते, मग एकदम सुरू होते, आणि सुरू झाली की सगळा रस्ता वळून बघतो. एका हाताने घेतली, पदर सारखा होईना, तिचं डोकं मागे जायला लागलं, वॉचमन काका दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात लागणारच होते. मी किती वेळ प्रयत्न केला, तोंडाने पदर धरला, कोपराने सावरलं, नाय जमलं. रिया लालबुंद झाली होती रडून.

सुरी मी बाकड्यावर ठेवली. आडवी.

ठेवली आणि काय झालं नाय. मान वाकली नाय, मूठ सुटली नाय. रिया पीत होती घटाघटा, आणि मी सुरीकडे बघत होते. गमाला बोट लावून बघितलं, कडक, नखाने पण ओरखडा येईना. कधी सुकला काय माहीत. रिक्षात सुकला असेल, आयच्याच हातात असताना, नायतर मी इथं बसल्यावर. आम्ही दोघींनी सकाळपासून धरली नसती तरी ती अशीच सरळ राहिली असती. घरी भिंतीला टेकवून ठेवली असती तरी. धरून काय झालं नाय. न धरून पण काय झालं नसतं.

काचेच्या दारातून आतलं काय दिसत नाय, आमचंच दिसतं, गेट, रिक्षा, बाकडं, मी.

रिया पिऊन झोपली, तोंड अर्धं उघडं ठेवून. मी तिला खांद्यावर घेतली आणि सुरी परत उचलली.

"ताई, सुकली असेल की आता," वॉचमन काका म्हणाले.

"हो," म्हटलं. "सुकलीय."

आणि धरून बसले.